आईच्या दुधातून बाळापर्यंत : बाळंतिणीचे काढे आणि डोळस परंपरा



कृष्णाकाठच्या कोणत्याही घरात बाळ जन्माला आले की घराचा वासच बदलून जातो. ओवा आणि बाळंतशेपा भाजल्याचा वास, डिंक तुपात फुलल्याचा वास, सुंठ कुटल्याचा वास. पहिले बाळंतपण बहुधा माहेरी होते; त्यामुळे साताऱ्याची लेक सांगलीहून किंवा सांगलीची लेक वाईहून आईच्या घरी आलेली असते. खोलीतल्या फडताळात एकीकडे क्रमांक घातलेल्या बाळंतकाढ्याच्या बाटल्या आणि शतावरीचा डबा असतो, तर दुसरीकडे रुग्णालयातून मिळालेल्या लोहाच्या गोळ्या आणि डॉक्टरांची चिठ्ठी असते. आजी म्हणते, ‘‘काढा चुकवू नकोस गं, अंगावर दूध यायला हवं.’’ चिठ्ठीवर काढ्याविषयी एक अक्षरही नसते. डॉक्टरांना विचारावे तर ते रागावतील ही भीती, आणि आजीला नाही म्हणावे तर तिचे मन दुखावेल ही अडचण. मग ती लेक दोन्ही घेते आणि दोघांनाही काही सांगत नाही.

हे गप्प राहणे हाच आजचा खरा विषय आहे. कारण त्या खोलीत तिसराही एक जीव आहे. त्याला विचारण्याची सोय नाही आणि त्याला सांगताही येत नाही. आई जे घेते, त्याचा काही ना काही अंश दुधावाटे त्याच्यापर्यंत पोहोचतो.

या प्रश्नावर समाजात दोन टोकाच्या भूमिका दिसतात. ‘झाडपाल्याचे आहे, म्हणजे अपाय होणारच नाही’, असे एक टोक म्हणते. ‘हे सारे जुनाट आहे, एकजात बंद करा’, असे दुसरे टोक म्हणते. पहिल्यात शास्त्राविषयी अज्ञान आहे आणि दुसऱ्यात परंपरेविषयी. साताऱ्यात आयुर्वेदाचे शिक्षण देणाऱ्या एका जुन्या संस्थेचे नावच ‘आर्यांग्ल वैद्यक महाविद्यालय’ असे आहे. आर्य आणि आंग्ल, दोन्ही वैद्यके एका नावात गुंफण्याची दृष्टी ज्यांना सुचली, त्यांनी या दोन टोकांमधला रस्ता कधीच दाखवून ठेवला आहे.

आचार्यांनी काय सांगितले?

परंपरेचा आधार घ्यायचा तर तो पूर्ण घ्यावा. सोयीचा तेवढा उचलून चालत नाही. सुश्रुतसंहितेच्या शारीरस्थानात बालकांचे तीन वर्ग केले आहेत : केवळ दूध पिणारे ते क्षीरप, दूध आणि अन्न दोन्ही घेणारे ते क्षीरान्नाद आणि अन्नावर वाढणारे ते अन्नाद. दूधपित्या बाळाला आजार झाला तर औषध त्याला दूध पाजणाऱ्या स्त्रीलाही द्यावे, क्षीरान्नादाच्या बाबतीत दोघांना द्यावे आणि अन्नादाच्या बाबतीत केवळ बालकाला द्यावे, असा तेथील विचार आहे. या नियमाचा अर्थ लक्षात घेतला पाहिजे. स्त्रीच्या पोटात गेलेले औषध दुधातून बाळापर्यंत जाते, हे आपल्या आचार्यांनी जाणले होते. एवढेच नव्हे, तर त्यांनी ते उपचाराचे साधन केले होते. मग जे गुणकारी द्रव्य दुधातून जाते, तसेच अपायकारक द्रव्यही जाणार, हे ओघानेच आले. ‘काढा आईने घेतला, बाळाचा काय संबंध?’ असा प्रश्न सुश्रुताच्या विद्यार्थ्याला पडलाच नसता.

चरकसंहितेच्या सूत्रस्थानात स्तन्यजनन आणि स्तन्यशोधन असे दोन स्वतंत्र गण सांगितले आहेत. दूध वाढवणारा गण वेगळा आणि दूध शुद्ध करणारा गण वेगळा. पहिल्यात वाळा, साळी, साठेसाळी, दर्भ, कुश, काश अशा तृणवर्गातील द्रव्यांचा भरणा आहे. दुसऱ्यात पहाडमूळ, सुंठ, देवदार, नागरमोथा, मोरवेल, गुळवेल, इंद्रजव, किराईत, कुटकी आणि सारिवा आहेत. दुधाची तक्रार घेऊन येणाऱ्या प्रत्येक स्त्रीला एकच डबा हाती देणे ही चरकाची रीत नव्हे. नीट माहीत नसलेले औषध त्याने विष, शस्त्र आणि अग्नी यांच्या पंक्तीला बसवले आहे. ‘आयुर्वेदिक औषधाला दुष्परिणाम नाहीत’ हे आजच्या जाहिरातीतले वाक्य चरकाचे खचितच नाही.

कौमारभृत्याचा मोठा ग्रंथ म्हणजे काश्यपसंहिता. नेपाळमधील पंडित हेमराज शर्मा यांच्या प्रयत्नाने त्याची खंडित प्रत १९३८ साली छापून प्रसिद्ध झाली. त्यातील लेहाध्यायात बालकाला चाटण कोणत्या स्थितीत द्यावे आणि कोणत्या स्थितीत देऊ नये, या दोन्ही याद्या आहेत. द्यावे त्या यादीत आईला दूध नसणे, कमी असणे किंवा दूषित असणे ही कारणे येतात. सरसकट प्रत्येक बाळाला रोज काहीतरी चाटवावे, असा अर्थ त्यातून काढता येत नाही. निषेधाची यादी करणारी परंपरा ही सावध परंपरा असते.

दूध कसे बनते आणि त्यात काय उतरते?

बाळ चोखू लागले की आईच्या मेंदूतील पियूषिका ग्रंथीतून दोन संप्रेरके बाहेर पडतात. प्रोलॅक्टिन दूध तयार करवते आणि ऑक्सिटोसिन ते बाहेर सोडते. बाळाचा स्पर्श, त्याचे रडणे, नुसती आठवण यांनीही पान्हा फुटतो. सुश्रुतानेही बाळाचा स्पर्श, दर्शन आणि स्मरण ही पान्ह्याची कारणे म्हणून नोंदवली आहेत. क्रोध, शोक आणि वात्सल्याचा अभाव यांनी दूध आटते, हेही त्याचेच निरीक्षण आहे.

दूध आईच्या रक्तातील घटकांपासून बनते. रक्तात आलेले द्रव्य दुधात किती उतरेल, हे त्या द्रव्याच्या घडणीवर ठरते. रेणू लहान असेल, तो स्निग्धात विरघळणारा असेल, रक्तातील प्रथिनांना घट्ट चिकटून राहणारा नसेल, तर तो सहज उतरतो. प्रसूतीनंतरच्या पहिल्या काही दिवसांत दूध तयार करणाऱ्या पेशींमधील फटी पुरत्या मिटलेल्या नसतात, त्यामुळे तेव्हा द्रव्ये अधिक सहज जातात. नेमक्या त्याच दिवसांत बाळाचे यकृत आणि मूत्रपिंड सर्वांत अपरिपक्व असतात. प्रौढ शरीर जे काही तासांत बाहेर टाकते, ते नवजात शरीरात कितीतरी अधिक काळ रेंगाळू शकते.

आधुनिक औषधांच्या बाबतीत एक मोजमाप वापरले जाते. आईच्या वजनाच्या प्रमाणात तिला मिळालेल्या मात्रेच्या दहा टक्क्यांहून कमी मात्रा बाळाला त्याच्या वजनाच्या प्रमाणात मिळत असेल, तर ते औषध बहुधा चालण्यासारखे मानतात. बहुसंख्य काढे आणि चूर्णे यांच्याबाबत हे मोजमाप झालेलेच नाही. त्याचा अर्थ ती घातक आहेत असा नाही. पण ती निर्धोक ठरली आहेत असाही नाही. ज्याचे माप नाही ते कमी घ्यावे, थोडे दिवस घ्यावे आणि जाणत्याच्या सल्ल्याने घ्यावे, एवढाच निष्कर्ष निघतो.

‘वनस्पतीज म्हणजे निर्धोक’ या समजुतीची परीक्षा

या समजुतीला उत्तर देणारी उदाहरणे आपल्या महाराष्ट्रातच आहेत. मुंबईचे हृदयरोगतज्ज्ञ डॉ. रुस्तम जाल वकील यांनी १९४९ साली सर्पगंधेच्या रक्तदाबावरील परिणामाविषयीचे आपले अनुभव ‘ब्रिटिश हार्ट जर्नल’मध्ये मांडले आणि भारतीय मुळीचे सामर्थ्य जगाला कळले. पुढे त्याच मुळीतले रिसर्पिन वेगळे काढले गेले. तेव्हा हेही ध्यानात आले की, रिसर्पिन आईच्या दुधात उतरते आणि बाळाचे नाक चोंदणे, दूध न ओढणे असे त्रास होऊ शकतात. मुळी तीच, गुणही तिचा आणि अपायही तिचाच. ज्यात सामर्थ्य आहे, त्यात धोकाही असणारच.

दुसरे उदाहरण अधिक वेदनादायक आहे. १९२०च्या दशकात मुंबईच्या गिरण्यांत राबणाऱ्या स्त्रियांविषयीच्या अहवालांत ‘बाळगोळी’चा उल्लेख येतो. आई पाळीवर जाताना बाळाने रडू नये म्हणून त्याला अफूची गोळी देत असे. अफूही वनस्पतीजच. त्या मातांच्या प्रेमात उणीव नव्हती. उणीव होती ती सोयीची आणि ज्ञानाची.

तिसरे उदाहरण परदेशातले आहे आणि ते नेमके आजच्या विषयाचे आहे. इटलीतील डॉक्टरांनी १९९४ साली दोन नवजात बाळांची हकीकत प्रसिद्ध केली. दोन्ही बाळे मलूल, ढिली आणि गुंगीत होती. नीट दूध ओढत नव्हती, उलट्या करत होती. जंतुसंसर्ग सापडेना. शेवटी कळले की दोन्ही माता दूध वाढावे म्हणून ज्येष्ठमध, बडीशेप आणि तत्सम वनस्पतींचा चहा दिवसाला दोन लिटरहून अधिक पीत होत्या. चहा थांबवला आणि बाळे सावरली. यातले ज्येष्ठमध आणि बडीशेप आपल्या घरोघरी आहेत. जेवणानंतर चिमूटभर बडीशेप खाणे वेगळे आणि तिचा अर्क तांब्याने पिणे वेगळे.

स्वयंपाकघरातली मात्रा आणि बाटलीतली मात्रा

हा भेद उमगला की अर्धा प्रश्न सुटतो. अळिवाची खीर, डिंकाचे लाडू, मेथीची भाजी, बाजरीची भाकरी, खारीक-खोबरे, लसणाची फोडणी, तूप-भात, जेवणानंतरचा ओवा-बाळंतशेपा हे बाळंतिणीचे अन्न आहे. पिढ्यान्‌पिढ्यांच्या अनुभवाने ते स्थिरावलेले आहे, त्यातून तिला उष्मांक, लोह आणि कॅल्शियम मिळते आणि मुख्य म्हणजे घरच्यांनी आपल्यासाठी काही केले याचे समाधान मिळते. ते सोडण्याचे कारण नाही. मात्र तेच द्रव्य अर्क, गोळी किंवा कॅप्सूल होऊन आले की ते अन्न राहत नाही, औषध होते. मग औषधाचे नियम लागू होतात.

मेथी हे याचे उत्तम उदाहरण. भाजीतली आणि लाडवातली मेथी बहुतेक स्त्रियांना सोसते. पण तिच्या दाण्यांची मोठी मात्रा रोज घेतल्यास पोट बिघडते, रक्तातील साखर उतरते आणि आईच्या व बाळाच्या लघवीला विशिष्ट गोडसर वास येऊ शकतो. मधुमेहाचे इंजेक्शन घेणाऱ्या किंवा रक्त पातळ करण्याचे औषध चालू असलेल्या स्त्रीने ती मात्रा डॉक्टरांना विचारल्याविना घेऊ नये. शेंगदाणा किंवा हरभरा ज्यांना सोसत नाही, त्यांनाही मेथी बाधू शकते, कारण सगळी एकाच कुळातली आहेत. ज्येष्ठमधाचे अतिसेवन रक्तदाब वाढवते. गरोदरपणात ज्यांचा रक्तदाब चढलेला होता, त्यांनी ते टाळणेच इष्ट.

शतावरीविषयी नेहमी विचारले जाते. तिच्यावर भारतातच चाचण्या झाल्या आहेत. १९९६ साली ‘इंडियन पेडिअ‍ॅट्रिक्स’मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत शतावरी घेणाऱ्या आणि औषधहीन पूड घेणाऱ्या मातांत फरक आढळला नाही. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या साठ मातांच्या दुसऱ्या चाचणीत मात्र शतावरीने प्रोलॅक्टिन लक्षणीय वाढल्याचे दिसले. २०२० साली कॉक्रेन या संस्थेने दूध वाढवणाऱ्या औषधांच्या ४१ चाचण्यांचा एकत्र आढावा घेतला, तेव्हा काही वनस्पतींचा उपयोग होत असावा, पण पुरावा फार कच्चा आहे, असा निर्वाळा दिला. शतावरीला नावे ठेवण्याचे कारण नाही. पण तिच्या डब्यावर विसंबून बाळाला छातीशी घेणे कमी करणे, ही मात्र मोठी चूक ठरेल.

दशमूळ घातलेल्या काढ्यांपैकी जी आसव-अरिष्टे आहेत, त्यांत मुरण्याच्या क्रियेतून मद्यार्क आपोआप तयार होतो. बाटलीवर त्याचे प्रमाण छापलेले असते. ते बहुधा पाच ते दहा टक्क्यांच्या आसपास असते. आठ टक्के धरले तर वीस मिलिलिटर मात्रेत सुमारे दीड मिलिलिटर मद्यार्क जातो. सांगितलेल्या मात्रेत, पाणी घालून, बाळाला पाजून झाल्यावर घेतल्यास तो अल्प आहे. ‘जास्त घेतला की जास्त गुण’ म्हणून अर्धी वाटी घेतला तर तो अल्प राहत नाही, कारण मद्यार्क दुधात सहज उतरतो.

पोट साफ होण्यासाठी काळ्या बोळासारखी तीव्र रेचके स्वतःच्या मनाने घेणे टाळावे. बोळ काळा की हिरा, हेही अनेकींना ठाऊक नसते : काळा बोळ हा कोरफडीचा वाळवलेला रस, तर हिराबोळ हा वेगळ्याच झाडाचा डिंक. आणि पारा, शिसे, सोमल यांची भस्मे असलेली रसौषधी दूध पाजणाऱ्या स्त्रीने जाणत्या वैद्याच्या प्रत्यक्ष देखरेखीविना कदापि घेऊ नयेत.

शुद्धतेचा प्रश्न

वनस्पती योग्य असली तरी हाती आलेली पुडी तीच आहे का, हा पुढचा प्रश्न. कोयनेच्या आणि चांदोलीच्या रानातून, पाटण-शिराळ्याच्या बाजारातून मुळ्या येतात. ओळखणारे जुने डोळे मात्र कमी होत चालले आहेत. कोरोनाच्या काळात घरोघर गुळवेल उकळली जात होती. सप्टेंबर ते डिसेंबर २०२० या काळात मुंबईत गुळवेल घेणाऱ्या सहा रुग्णांच्या यकृताला इजा झाल्याचे डॉक्टरांनी नोंदवले आणि २०२१ साली तो निबंध प्रसिद्ध झाला. आयुष मंत्रालयाने त्यावर आक्षेप घेतला. गुळवेलीसारखी दिसणारी दुसरी जात वापरली गेली असण्याची शक्यता त्याने पुढे केली. वाद तज्ज्ञांचा आहे आणि तो त्यांनी सोडवावा. घरच्या स्त्रीसाठी बोध दोन्ही बाजूंनी एकच निघतो : कुंपणावरची वेल तोडून, ओळख न पटवता, महिनोन्‌महिने उकळून पिऊ नये. गुळवेल ही चरकाच्या स्तन्यशोधन गणातील वनस्पती आहे, म्हणूनच ती ओळखून घेण्याची जबाबदारी अधिक.

सांगलीकरांना हळदीविषयी वेगळे सांगायला नको. हरिपूरची हळदीची पेवे, राजापुरी हळदीचे सौदे आणि २०१८ साली सांगलीच्या हळदीला मिळालेले भौगोलिक मानांकन हा या जिल्ह्याचा अभिमान आहे. नेमकी हीच हळद बाळंतिणीच्या दुधात, लाडवात आणि बाळाच्या अंगाला लावायच्या उटण्यात जाते. बांगलादेशात २०१९ साली संशोधकांनी दाखवून दिले की, हळकुंडांना पॉलिश करताना पिवळी झळाळी यावी म्हणून शिशाचे क्रोमेट नावाचा रंग चोळला जात होता आणि ते शिसे गरोदर स्त्रियांच्या रक्तात पोहोचत होते. तेथील शासनाने धाडी घातल्या, जनजागृती केली आणि २०२१ पर्यंत तपासलेल्या नमुन्यांत ही भेसळ आढळेनाशी झाली. २०२४ साली प्रसिद्ध झालेल्या दक्षिण आशियाई पाहणीत भारतातील पाटणा, गुवाहाटी आणि चेन्नई येथील काही नमुन्यांतही शिसे आढळले. शिसे बाळाच्या मेंदूच्या वाढीला बाधते, ते दुधातूनही काही अंशी उतरते आणि त्याला सुरक्षित म्हणावी अशी मात्रा नाही. म्हणून बाळंतिणीसाठी डोळ्यांत भरणारी झगझगीत पिवळी पूड न घेता, ओळखीच्या शेतकऱ्याकडची किंवा विश्वासू दुकानातली पॉलिश न केलेली हळकुंडे घरी दळावीत. जिथे हळद पिकते, तिथल्या घरांना हे सहज शक्य आहे.

तयार औषधांबाबतही असाच अनुभव आहे. २००४ साली बोस्टन परिसरातील दुकानांत विकल्या जाणाऱ्या दक्षिण आशियाई ७० आयुर्वेदिक औषधांपैकी १४ औषधांत शिसे, पारा किंवा सोमल आढळले. या अहवालाने जगभर गवगवा झाला. त्यानंतर भारत शासनाने १ जानेवारी २००६ पासून निर्यातीच्या वनस्पतीज औषधांसाठी जड धातूंची तपासणी अनिवार्य केली. परदेशी ग्राहकाला जे संरक्षण दिले जाते, त्याची मागणी आपल्या माता-भगिनींनी आपल्यासाठीही करणे गैर नाही. त्याची सुरुवात बाटलीवरचा मजकूर वाचण्यापासून होते. निर्मिती परवान्याचा क्रमांक, तुकडीचा क्रमांक, घटकांची यादी आणि मुदत नसेल तर ती बाटली परत करावी. कायद्याच्या ‘ई-१’ परिशिष्टात वत्सनाभ, बिब्बा, धोत्रा, कुचला, अफू अशी विषारी द्रव्ये नोंदवली आहेत. ती असलेल्या औषधांवर वैद्यकीय देखरेखीखालीच घेण्याची सूचना छापावी लागते. ती सूचना दिसली की दूध पाजणाऱ्या स्त्रीने थांबावे आणि विचारावे.

बाळाच्या गुटीविषयी

आईने घेतलेले औषध गाळणीतून जावे तसे थोडे तरी कमी होऊन बाळाकडे जाते. गुटी मात्र थेट त्याच्या पोटात जाते. सहाणेवर वेखंड, जायफळ, मायफळ, हिरडा, मुरुडशेंग, डिकेमाली यांचे वळसे देताना कोणाचा वळसा किती, हे हातावर ठरते. वेखंडात बीटा-असारोन नावाचे द्रव्य असते. प्राण्यांवरील प्रयोगांत ते घातक ठरल्यामुळे अमेरिकेने १९६८ सालीच खाद्यपदार्थांत वेखंडाला बंदी केली. जायफळ जास्त झाले तर गुंगी येते, आणि ‘गुटी दिली की बाळ कसे शांत झोपते’ असे कौतुकाने म्हणताना ती झोप कशाची, याचा विचार होत नाही.

पहिले सहा महिने केवळ आईचे दूध द्यावे, पाणीसुद्धा देऊ नये, असे जागतिक आरोग्य संघटना आणि भारत शासन दोघेही सांगतात. डॉक्टरांनी दिलेले औषध तेवढे अपवाद. मध तर पहिल्या वर्षात बोटावरही देऊ नये. त्यातील जंतुबीजांमुळे तान्ह्या बाळाला बोट्युलिझम हा स्नायू लुळे पाडणारा आजार होऊ शकतो. काश्यपाची निषेधयादी आठवली तर ‘आधी दूध, मग बाकी सारे’ हा विचार परका वाटण्याचे कारण नाही. घराण्याची सहाण जपून ठेवावी. तिच्यावर बाळाच्या कपाळाला चंदन उगाळावे.

दूध खरोखर कमी आहे का?

पुष्कळदा औषध सुरू होते ते गैरसमजातून. पहिले दोन-तीन दिवस चीक येतो, तो चमच्या-चमच्याने येतो आणि बाळाच्या इवल्याशा जठराला तेवढाच पुरतो. बाळ रडले की ‘दूध नाही’ असा निकाल दिला जातो. खरी परीक्षा वेगळी आहे. पाच-सहा दिवसांनंतर चोवीस तासांत सहा किंवा अधिक वेळा लघवी होते का? जन्मानंतर थोडे घटलेले वजन दहा ते चौदा दिवसांत भरून आले का? बाळ पाजल्यावर समाधानी दिसते का? उत्तर ‘होय’ असेल तर दूध पुरेसे आहे.

उत्तर ‘नाही’ असेल तर प्रथम बाळाची पकड पाहावी. स्तनाग्रच नव्हे, तर भोवतालचा काळा भागही तोंडात जातो का, ते पाहावे. दिवसरात्र मिळून आठ ते बारा वेळा पाजावे. आईला झोप मिळते का, ती पोटभर जेवते का, तिला कोणी टोचून बोलत तर नाही ना, हे घरातल्यांनी स्वतःला विचारावे. थायरॉइडचा विकार, रक्तक्षय, प्रसूतीत झालेला अतिरक्तस्राव ही कारणे तपासण्यांतूनच कळतात. त्यांवर काढ्याचे पांघरूण घातले तर खरा उपचार लांबतो. काढा सुरू झाला म्हणून लोहाच्या किंवा थायरॉइडच्या गोळ्या बंद करणे, हा तर आईवरचाच अन्याय. प्रसूतीनंतर १८० दिवस लोहाच्या गोळ्या घ्याव्यात, असा शासकीय कार्यक्रम आहे.

आणि काही लक्षणे अशी आहेत, जी दिसताच आईचे काढे आणि बाळाची गुटी थांबवून त्याला तत्काळ रुग्णालयात न्यावे : बाळ उठवूनही न उठणे, दूध ओढणे सोडणे, अंग ढिले पडणे, वारंवार उलट्या वा जुलाब, वाढत जाणारी कावीळ, लघवी कमी होणे. जाताना काढ्याची बाटली आणि गुटीची पुडी बरोबर न्यावी. तपासणाऱ्याला तो सर्वांत मोठा धागा असतो.

घराने करायचे ते काम

एवढे सगळे ऐकून मनात भीती धरू नये. करायच्या गोष्टी थोड्या आहेत. घरात एक वही ठेवावी. बाळंतीण काय घेते, किती घेते, कधीपासून घेते आणि बाळात काय बदल दिसला, हे तारखेनुसार लिहावे. एका वेळी एकच नवे द्रव्य सुरू करावे, म्हणजे काही बिघडले तर कारण सापडते. वही डॉक्टरांनाही दाखवावी आणि वैद्यांनाही. आशा कार्यकर्ती तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी घरी येते. तिच्यापासून काही लपवू नये. आयुर्वेदीय औषधाचा अपाय वाटला तर तो वैद्यांमार्फत कळवण्याची राष्ट्रीय व्यवस्था आहे. दिल्लीची अखिल भारतीय आयुर्वेद संस्था तिचे काम पाहते. तेथे नोंद करणे हा आयुर्वेदाचा द्रोह नव्हे, उलट ती त्याची सेवा आहे. मुंबईच्या के.ई.एम. रुग्णालयात डॉ. शरदिनी डहाणूकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गुळवेलीसारख्या वनस्पतींना प्रयोगशाळेत नेऊन प्रश्न विचारले, ते आयुर्वेदावरच्या प्रेमापोटीच.

वस्तीवस्तीत घरोघरी संपर्क असलेल्या कार्यकर्त्यांनी आणि भगिनींनी आणखी एक काम करावे. आजी, लेक आणि डॉक्टर या तिघांना एकमेकांशी बोलते करावे. आजीला ‘तुमचे सारे चुकीचे’ असे म्हणू नये. तिच्या हाताला अळिवाची खीर येते, तेल-मालीश येते, बाळाला पायावर घेऊन न्हाऊ घालणे येते आणि पहाटे तीन वाजता रडणाऱ्या बाळाला घेऊन फेऱ्या घालणेही येते, म्हणजे थकलेल्या लेकीला तासभर झोप मिळते. सुश्रुताने वात्सल्याला दुधाचे कारण म्हटले आहे. ते वात्सल्य बाळापर्यंत आईच्या मार्फत जाते. आणि आईला ते तिच्या भोवतालच्या माणसांकडून मिळावे लागते. त्याचा पुरवठा करणारी आजी घरात असताना दूध वाढवणारी बाटली दुसऱ्या क्रमांकावर राहिली, तर परंपरेचे काहीच उणे होणार नाही.